तीन शिट्ट्यांचा भात

अमेरिकेत जंगलात राहायला जायचं असेल तर आधी जंगलातला प्लॉट नंबर मिळवावा लागतो. मी बोलते आहे ते कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला भारतातून आलेल्या आईवडिलांना दाखवायच्या दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात: एक गोल्डन गेट पूल आणि दुसरी योसेमिटी. पूल तासाभरात संपतो, आणि त्यातलाही निम्मा वेळ धुक्यात पूल नेमका कुठे आहे हे दाखवण्यात जातो. मग सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसांचं पुढे करायचं काय, या प्रश्नाला डोंगर हेच उत्तर उरतं.

डोक्यात चित्र असतं ते असं: ग्रॅनाइटचे आभाळाला टेकलेले कडे, पाइनची झाडं, वितळलेल्या बर्फाचं पाणी घेऊन धावणारी मर्सेड नदी, आणि तिच्या काठी एकटाच उभा असलेला आपला तंबू. कँपिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या फोटोत तो एकटाच असतो. प्रत्यक्षात योसेमिटीच्या खोऱ्यातल्या ‘अप्पर पाइन्स’ या एका कँपग्राउंडमध्ये दोनशेच्या वर जागा आहेत. प्रत्येक जागेला नंबर, दारात गाडी लावायची पट्टी, एक लाकडी टेबल, एक लोखंडी कडं बसवलेली चूल आणि एक लोखंडी पेटी. नळ सामाईक, संडास सामाईक. माझे सासरे, म्हणजे बाबा, गाडीतून उतरले, दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि म्हणाले, “सोसायटी चांगली आहे. मेंटेनन्स किती?”

मेंटेनन्स रात्रीचा छत्तीस डॉलर. तो ऐकून बाबांनी छत्तीस गुणिले रुपयाचा भाव असा हिशेब मनातल्या मनात केला, आणि तो झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हा सगळ्यांना कळलं.

पण पैसे हा भाग सोपा. अवघड आहे ते बुकिंग. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या रात्री हव्या असतील तर अप्पर पाइन्सचं बुकिंग १५ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता उघडतं आणि सात वाजून काही मिनिटांनी आटोपतं. इथली स्थानिक मंडळी याबद्दल पत्रापत्री करतात, हळहळतात, हा निसर्गावरच्या हक्काचा प्रश्न आहे असं म्हणतात. आपली माणसं हळहळत नाहीत. दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं तत्काळ काढण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना सात वाजताचं योसेमिटी म्हणजे घरच्या मैदानावरचा सामना वाटतो. आमच्या गटात चार कुटुंबं. पावणेसातला सगळे आपापल्या लॅपटॉपसमोर, फोन स्पीकरवर, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत कोंडलेलं. आमच्याकडे सकाळचे सात म्हणजे फेब्रुवारीत पुण्यात रात्रीचे साडेआठ. तेव्हा माझा भाऊही जेवणाच्या ताटावरून उठून ‘तिकडचं नेट लवकर चालेल’ या श्रद्धेने बसलेला. त्याला योसेमिटीला यायचं नव्हतं, व्हिसाही नव्हता. पण तत्काळ उघडताना घरातला माणूस नुसता बसून राहू शकत नाही.

जागा मिळाल्या की माणसं मोजायची. एका जागेवर सहा माणसं, दोन गाड्या. तान्हं बाळ हेही माणूसच धरतात, ही गोष्ट आमच्या गटातल्या एका वहिनींना फार लागली. “अहो, ते अजून बसतसुद्धा नाही,” असं त्या फाटकावरच्या रेंजरला मराठीत म्हणाल्या. रेंजर हसला आणि सहा म्हणजे सहा एवढंच म्हणाला. मग आजी-आजोबांची अदलाबदल सुरू झाली. कोणाची आई कोणाच्या प्लॉटवर हे ठरवण्यात एवढा वेळ गेला की सासूबाईंनी शेवटी, मी एका रात्रीपुरती कोणाचीही आई व्हायला तयार आहे, असं जाहीर केलं.

ही सगळी आखणी बिल्डरची वाटते, पण ती आहे झाडांच्या डॉक्टरची. योसेमिटीत मोटारी यायला १९१३ साली परवानगी मिळाली आणि लोक वाटेल त्या झाडाखाली गाडी घालून वाटेल तिथे तंबू ठोकायला लागले. जुनी झाडं वाळू लागली. एमिलिओ माइनेके नावाचे, वनखात्यात झाडांच्या रोगांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ होते. त्यांनी निदान केलं की कीड नाही, बुरशी नाही. रोग आहे तो पर्यटक. चाकांनी आणि पायांनी माती दाबली जाते, मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही आणि झाड उभ्या उभ्या मरतं. १९३२ साली त्यांनी कँपग्राउंड कसं असावं याचं धोरण लिहिलं: रस्ता एकेरी आणि वळसा घालून परत येणारा, प्रत्येकाला गाडी लावायला ठरलेली पट्टी, कडेने मोठे दगड नाहीतर ओंडके, म्हणजे गाडी पुढे रेटता येऊ नये, आणि टेबल व चूल एका जागी पक्की. पुढे मंदीच्या काळात बेकार तरुणांच्या सरकारी तुकड्यांनी देशभर असे कँपग्राउंड बांधले. आजही अमेरिकेत जवळजवळ कुठल्याही सरकारी कँपग्राउंडवर गेलात तर नकाशा तोच.

मला या माइनेकेसाहेबांबद्दल फार आदर आहे. त्यांनी ‘झाडाखाली जाऊ नका’ अशी पाटी लावली नाही. पाटी लावली असती तर लोकांनी तिला टेकून फोटो काढले असते. त्यांनी टेबल दिलं. माणसाला टेबल, चूल आणि दारात गाडी मिळाली की तो तिथून बारा फुटांपलीकडे जात नाही, मागे अर्धा मैल उंचीचा कडा उभा असला तरी. आमचंच बघा. पहिल्या पंधरा मिनिटांत टेबलावर मेणकापड अंथरलं गेलं, तंबूच्या दाराशी चपलांची रांग लागली, गाडीच्या दारांवर पंचे वाळत पडले, आणि पिशव्या कुठे ठेवायच्या यावरून पहिला वाद झाला. जवळजवळ दोनशे मैलांचा प्रवास करून आम्ही हुबेहूब तेच केलं होतं जे आम्ही सोडून आलो होतो. फक्त भांडी घासायची सोय गेली होती.

अशा बहुतेक सरकारी कँपग्राउंडवर सोसायटीचे सेक्रेटरीही असतात. त्यांना ‘होस्ट’ म्हणतात. निवृत्त जोडपं, मोठ्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, सबंध हंगाम मुक्कामाला. पगार नाही, जागा फुकट. हंगामभर तिथेच असल्यामुळे त्यांच्या दारात कुंड्या आणि खुर्च्या अशी पक्क्या घराची सगळी लक्षणं असतात, आणि संध्याकाळी ते दोघं फेरी मारायला निघतात. पाठीमागे हात, चाल संथ, नजर प्रत्येकाच्या चुलीवर. बाबा आयुष्यभर एका सोसायटीच्या कमिटीवर होते. ही चाल त्यांनी लांबूनच ओळखली आणि उठून नमस्कार केला. दोन सेक्रेटऱ्यांचं नियमांबद्दल जे बोलणं झालं त्यात भाषेची अडचण कुठेच आली नाही.

आणि नियम भरपूर. खोऱ्यात मे ते सप्टेंबर चूल पेटवायची ती संध्याकाळी पाच ते दहा. जनरेटर सकाळी सात ते नऊ, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी पाच ते सात. पडलेली काटकी उचलायची नाही. लाकूड विकत आणायचं, तेही लांबून नाही, जवळपासचंच, म्हणजे त्यातून दुसरीकडची कीड येणार नाही. संडासातल्या बेसिनमध्ये भांडी घासायची नाहीत. नदीत साबण लावायचा नाही. हा शेवटचा नियम बाबांना सगळ्यात जड गेला, कारण कँपग्राउंडमध्ये अंघोळीची सोय नसते, आणि अंघोळीशिवाय चहा ही कल्पना त्यांच्या घराण्यात नाही. पहाटे ते तांब्या घेऊन मर्सेडच्या काठावर गेले. काल रात्रीपर्यंत जे बर्फ होतं ते पाणी. त्यांनी पहिला तांब्या अंगावर घेतला तेव्हा त्यांच्या तोंडून गंगेचं नाव निघालं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्यांनी तंबूत येऊन, दोन शाली पांघरून पूर्ण केलं.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. हा नियम मोडायचा नाही याची आठवण या खोऱ्याला चांगली आहे. १९७० साली ४ जुलैला इथल्या स्टोनमन मेडो या कुरणात जमलेल्या तरुणांनी उठायला नकार दिला, तेव्हा घोड्यावरचे रेंजर त्यांच्यावर चालून गेले आणि शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. तेव्हापासून इथला रेंजर नुसता झाडांची नावं सांगणारा राहिला नाही, पोलिसही झाला. आमच्या गटाला घोडे लागले नाहीत. पत्त्यांचा डाव रंगात आला होता, तेवढ्यात शेजारच्या तंबूतून कोणीतरी नुसतं खाकरलं. तंबूची भिंत म्हणजे कापड. त्यातून प्रकाश अडतो, बाकी काही अडत नाही. कोण घोरतं, कोण कोणाला ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणतं, कोणाचं पोट बिघडलंय, सगळं सगळ्यांना कळतं आणि सकाळी नळावर सगळे कोणीच काही ऐकलं नाही अशा चेहऱ्याने भेटतात.

आता ती लोखंडी पेटी. तिला बेअर बॉक्स म्हणतात, म्हणजे अस्वलापासून खाणं वाचवायची पेटी. इथली अस्वलं जातीने काळी, रंगाने बहुतेक तपकिरी, आणि अकलेने आपल्यापैकी काही जणांच्या पुढे. एके काळी त्यांना खाऊ घालणं हा सरकारी कार्यक्रमच होता. संध्याकाळी उरलंसुरलं टाकायचं, दिवे लावायचे आणि पर्यटकांनी बाकांवर बसून अस्वलांची पंगत बघायची. हे १९४० पर्यंत चाललं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पाहुण्याला जेवायला घालायची सवय लावली की तो बोलावल्याशिवायही येतो. पंगत बंद झाली, पण अस्वलांनी सवय सोडली नाही. १९९८ साली योसेमिटीत अस्वलांच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि साडेसहा लाख डॉलरांच्या वर नुकसान झालं. गाडीच्या काचेच्या वरच्या कडेत नखं अडकवायची आणि दार खाली वाकवायचं, असं त्यांचं साधारण तंत्र. २००९ साली काही संशोधकांनी कोणत्या गाड्या जास्त फुटतात ते मोजलं. उत्तर आलं, मिनीव्हॅन. कारण काय असावं याचे त्यांनी जे अंदाज केले त्यातला एक असा, की मिनीव्हॅनमध्ये लहान मुलं असतात आणि लहान मुलं सीटखाली खाऊ सांडतात.

आमच्या गटाच्या चारही गाड्या मिनीव्हॅन. मागच्या सीटखाली चिवडा, शेंगदाण्याची साल, कोणे एके काळी बेसनाच्या लाडवाचा भाग असलेलं काहीतरी. रेंजरने सांगितलं, ज्याला ज्याला वास येतो ते सगळं पेटीत: खाणं, टूथपेस्ट, साबण, क्रीम, रिकामे डबे, मुलांच्या कार सीटसुद्धा. ‘ज्याला वास येतो’ हे शब्द मराठी कुटुंबाला उद्देशून म्हणणं हा मोठा विषय आहे. अमेरिकन माणूस एका पेटीत ब्रेड, चीज आणि कॉफी ठेवून दार लावतो. आमची मिसळणाची डबी निघाली, गोडा मसाला निघाला, काळा मसाला निघाला, लसणाची चटणी, आंब्याचं लोणचं, मेतकूट, सुकटीची एक बरणी जिच्याबद्दल शाकाहारी कुटुंबांना आधी सांगितलं नव्हतं, अमृतांजन, उदबत्त्या, आणि सगळ्यांत शेवटी हिंग. हिंग एकात एक अशा तीन डब्यांच्या आत होता. सासूबाईंनी ठामपणे सांगितलं की हा वास घेऊन जे अस्वल येईल ते मराठवाड्यातलंच असेल, त्याला जेवूनच जाऊ द्या. पेटी एवढी भरली की दार लावायला दोन जणांना त्यावर पाठ लावून उभं राहावं लागलं. मध्यरात्री कोणाला तरी अमृतांजन लागलं आणि पेटीचं लोखंडी दार उघडल्याच्या आवाजाने सबंध गल्ली जागी झाली. अस्वल कुठे असेलच तर तेही झालं असेल.

कुकरची गोष्ट मात्र खोऱ्यातली नाही, वरची, टुओलमी मेडोजची. ते कँपग्राउंड ८,६०० फुटांवर आहे. नूतनीकरणासाठी ते काही वर्षं बंद होतं, त्याच्या आधीची ही हकीकत. बाजूने टुओलमी नदी वाहते. तेच पाणी पुढे हेच हेची धरणात अडवून सॅन फ्रान्सिस्कोच्या नळांना सोडतात, म्हणजे आम्ही दीडशे-दोनशे मैल गाडी चालवून शहराच्या नळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो होतो. एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशांना उकळत नाही, एक्क्याण्णवच्या आसपासच उकळतं. दिसायला जोरदार उकळतं, पण डाळ शिजत नाही. आमच्या शेजारचा एक हौशी तरुण राजमा शिजवत होता. दुपारी पाहिला तेव्हाही शिजवत होता आणि संध्याकाळी पाहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं वैराग्य आलं होतं. सासूबाईंनी त्या पातेल्याकडे पाहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “यांना कुकर माहीत नाही का?” आणि आपला हॉकिन्स शेगडीवर चढवला.

आता डोंगरात हरवलेल्या माणसाने मदत मागायची खूण इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला शिकवलेली असते: शिटी वाजवायची, एकामागून एक, तीनदा. आणि डाळभाताला शिट्ट्या किती, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतं.

पहिली शिटी झाली तेव्हा आसपासच्या टेबलांवरची बोलणी थांबली. दुसरीला दोन जण उभे राहिले. तिसरीला एक दणकट गृहस्थ हातात दोर आणि प्रथमोपचाराची पिशवी घेऊन धावत आमच्या प्लॉटवर पोचले आणि कोण जखमी आहे असं विचारू लागले. सासूबाईंनी गॅस बारीक केला, कोणी नाही म्हणून सांगितलं, आणि दहा मिनिटं थांबलात तर वाफ जिरेल म्हणाल्या. ते थांबले. पाठोपाठ राजमावाला आला, तो तर जायलाच तयार नव्हता. वरणभात, वर तूप, लिंबाची फोड. दणकट गृहस्थांनी तूप दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा सासूबाईंच्या दृष्टीने तो प्रसंग बचावकार्याचाच होता, फक्त वाचवणारं कोण हे उलट झालं होतं.

यानंतर आमच्या प्लॉटवर येणं-जाणं सुरू झालं ते निघेपर्यंत थांबलं नाही. ज्या देशात शेजाऱ्याचं नाव कळायला पाच वर्षं आणि एक फुटलेला पाइप लागतो, त्याच देशात इथे लोक कुऱ्हाड, काडेपेटी, कांदा आणि सल्ला मागायला सरळ येत होते. संध्याकाळी चुलीवर इथली मुलं मार्शमेलो भाजतात. त्यात जिलेटिन असतं हे कळल्यापासून सासूबाईंनी त्याला हात लावला नव्हता. त्यांनी मक्याची कणसं काढली. कणीस निखाऱ्यावर फिरवायचं, लिंबाच्या फोडीने तिखटमीठ चोळायचं. पहिलं कणीस आमच्या मुलाने घेतलं. पुढची रांग कोणाकोणाच्या मुलांची होती ते मला आजही सांगता येणार नाही. एकाने तिखटाचा झटका बसल्यावर नदीकडे धाव घेतली आणि परत येऊन पुन्हा रांगेत उभा राहिला. बाबा मध्येच वारीच्या गोष्टी सांगत होते: दिंडीचं सामान ट्रकने पुढे जातं, माणसं मुक्कामी पोचेपर्यंत तंबू उभे असतात, दुसऱ्या दिवशी तेच पुढच्या गावाला, आणि हे सगळं लाखो लोकांचं. दणकट गृहस्थांनी विचारलं, त्याचं बुकिंग कधी उघडतं? बाबा बराच वेळ हसत होते.

निघायची वेळ दुपारी बारा. पण साडेअकरापासूनच पुढच्या बिऱ्हाडाची गाडी आमच्या वळशावर घिरट्या घालायला लागते. काच खाली होते, आतून एक आशाळभूत चेहरा विचारतो, निघालात का? आमचा तंबू अर्धा गुंडाळलेला, एक कुकर सापडत नाही, एक आजी संडासाच्या रांगेत. तेवढ्यात सासूबाई त्या नव्या बाईंना घेऊन प्लॉट दाखवायला निघाल्यासुद्धा. इंग्रजी मोजकं, हात मोकळे. सकाळचं ऊन इकडून येतं, टेबल त्या बाजूला सरकत नाही, प्रयत्न करू नका, नळ त्या झाडामागे, पलीकडचा माणूस घोरतो पण भला आहे, पेटीचं दार अडतं, खालून ढकला, आणि हा निळा पक्षी दिसतो ना, त्याच्यासमोर पोळी उघडी ठेवू नका. उरलेली लाकडं त्यांनी टेबलाखाली नीट रचून त्यांच्या हवाली केली, आणि वर अर्धी बाटली तूपही.

नव्या बाई भारावून गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही इथे केव्हापासून राहता?

“परवापासून,” सासूबाई म्हणाल्या.